कापलेल्या गाडीची बॅटरी

कुर्ल्याचा सीएसटी रोड, दिल्लीची मायापुरी, कोलकात्याचा मल्लिक बाजार, चेन्नईचं पुदुपेट्टै. गाड्या कापून त्यांचे भाग विकणाऱ्या या बाजारांकडे बघून कोणी कितीही नाक मुरडलं, तरी असंख्य जुन्या गाड्या त्यांच्याच जिवावर रस्त्यावर आहेत. बंद पडलेल्या मॉडेलचं दार, हेडलाइट, काच, गिअरबॉक्स तिथे मिळतो. तो घेण्यात कमीपणा नाही, उलट शहाणपण आहे. दार उतरवलं त्या दिवशी जसं होतं तसंच ते वर्षाने असतं. बॅटरीचं तसं नाही. ती नुसती पडून राहिली तरी झिजते आणि बाहेरून तिच्या पोटातलं काही कळत नाही. त्यामुळे कटिंगवाल्याकडून बॅटरी घ्यावी का, याचं उत्तर दाराइतकं सरळ मिळत नाही.

गॅरेजच्या मिस्त्रीला विचारलं तर तो म्हणतो, तपासून घेतली तर चालते. बॅटरीचा दुकानदार म्हणतो, चुकूनही घेऊ नका. कटिंगवाला म्हणतो, ‘साहेब, कालच उतरवलीय, सेल्फ मारून बघा ना.’ प्रत्येकाचा धंदा त्याच्या उत्तरात आहे, तरी कोणीच धादांत खोटं बोलत नाही. माझं मत आधीच सांगतो. अशी बॅटरी घेता येते, पण ती शिशाच्या भावाच्या आसपास मिळाली आणि भार टाकल्यावर टिकली तरच. या दोन्हींपैकी एक जरी गोष्ट जमत नसेल तर नवी घ्यावी.

कटिंगवाल्याकडे बॅटरी येते कुठून, हे आधी पाहिलं पाहिजे. पंधरा-सोळा वर्षं वापरून मोडीत काढलेल्या गाडीत चांगली बॅटरी सापडणं दुर्मीळच. मोडीत जायच्या गाडीला नवी बॅटरी कोण घालेल? आणि घातली असलीच, तर मालक ती काढून ठेवतो आणि घरातली मेलेली तिच्या जागी बसवून देतो. खरा माल येतो तो अपघातात चेपलेल्या किंवा पुरात बुडालेल्या नव्या गाड्यांतून, ज्या विमा कंपनीने टोटल लॉस धरलेल्या असतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत आणि २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळुणात अशा गाड्यांची रांग लागली होती. दोन वर्षांच्या गाडीतली दोन वर्षांची बॅटरी, ऐकायला तर छानच वाटतं.

मेख पुढे आहे. अशी गाडी लगेच कापली जात नाही. सर्व्हेअर येतो, दावा मंजूर होतो, लिलाव होतो, आरटीओची कागदपत्रं होतात, अपघात मोठा असेल तर पोलीस ठाण्याच्या आवारात मुक्काम होतो. या सगळ्या काळात बॅटरीची वायर कोणी काढत नाही. गाडी बंद असली तरी घड्याळ, अलार्म, लॉकिंग आणि ईसीयू, म्हणजे गाडीचा संगणक, थोडी थोडी वीज पीतच असतात. ही गळती ३० मिलिअँपिअर धरली तरी दिवसाला जवळपास पाऊण अँपिअर-तास होते, म्हणजे ३५ अँपिअर-तासांची पूर्ण भरलेली बॅटरी दीड महिन्यात कोरडी. रिकाम्या अवस्थेत पडून राहिलं की प्लेटींवरचं लेड सल्फेट बारीक कणांतून मोठ्या कडक खड्यांत बदलतं आणि मग कितीही चार्जिंग केलं तरी ते पूर्ण विरघळत नाही. गॅरेजच्या भाषेत, प्लेटी बसल्या. त्यामुळे ‘बॅटरी किती जुनी?’ या प्रश्नाआधी ‘गाडी किती दिवस उभी होती?’ हे विचारायला हवं. बहुतेक गिऱ्हाईकं हे विचारतच नाहीत.

आणखी एक वाट आहे आणि ती मला सगळ्यात धोक्याची वाटते. कटिंगवाल्याच्या फळीवरची प्रत्येक बॅटरी कापलेल्या गाडीतलीच असते असं नाही. दुकानात नव्याच्या बदल्यात जमा झालेल्या, म्हणजे कोणीतरी मेली म्हणूनच दिलेल्या बॅटऱ्याही तिथे पोहोचतात. त्या धुऊन, टर्मिनल घासून, रात्रभर चार्जिंगला लावून सकाळी ‘कालच उतरवलेल्या’ म्हणून उभ्या राहतात. काहींचं झाकण कापून आतल्या प्लेटी बदललेल्या असतात. झाकण आणि डबा यांच्या सांध्यावर बोट फिरवावं. कारखान्यातला सांधा सगळीकडे सारखा असतो, हाताने वितळवून जोडलेला कुठे फुगलेला तर कुठे दबलेला लागतो. सिरीयल नंबर खरवडलेला असेल, किंवा डब्याचा रंग एका कंपनीचा आणि स्टिकर दुसऱ्याचं असेल, तर बोलणं तिथेच थांबवावं.

जी बॅटरी आपण हजारो रुपये देऊन घेतो तिचं तत्त्व फार जुनं आहे. गास्तों प्लांते या फ्रेंच माणसाने १८५९ साली शिशाच्या पत्र्यांची आणि आम्लाची ही जोडी जमवली. १९१२ साली चार्ल्स केटरिंगचा इलेक्ट्रिक स्टार्टर कॅडिलॅकमध्ये बसला, हॅंडल मारून इंजिन फिरवण्याची कटकट सुटू लागली आणि शिशाची बॅटरी गाडीला कायमची चिकटली. सहा कप्पे, प्रत्येकात साधारण २.१ व्होल्ट, एकूण बारा-साडेबारा. आजही आत तेच आहे.

तिचा खरा वैरी थंडी नसून उष्णता आहे. थंडी फक्त दुखणं उघडं पाडते. तापमान आठ-दहा अंशांनी वाढलं की आतल्या रासायनिक झिजेचा वेग साधारण दुप्पट होतो. नागपूर-चंद्रपूरच्या ४५ अंशांत, डांबरी रस्त्यावर, इंजिनच्या शेजारी बसलेल्या बॅटरीचं काय होत असेल याचा अंदाज करावा. थंड देशांत कमजोर बॅटरी पहिल्या हिवाळ्यातच कुरकुरते आणि मालकाला इशारा मिळतो. आपल्याकडे बहुतेक भागांत सकाळीही इंजिन कोमट असतं, थोड्या जोरावर फिरतं, आणि बॅटरी शेवटच्या दिवसापर्यंत ठीक वाटत राहते. मग एके सकाळी नुसता टक् असा आवाज. जुनी बॅटरी घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं, कारण दुकानासमोर सेल्फ एकदा कडक फिरला यावरून आपल्या हवेत फारसं काही सिद्ध होत नाही.

मग तपासायचं कसं? मल्टिमीटर लावला आणि १२.७ दिसले की लोक खूश होतात. पण नुकत्याच चार्जरवरून काढलेल्या बॅटरीच्या प्लेटींवर वरवरचा चार्ज असतो आणि तो मीटरला फसवतो. गाडीला लावून हेडलाइट दोन मिनिटं चालू ठेवावे, बंद करून थोडा वेळ जाऊ द्यावा आणि मग मोजावं. १२.६ च्या वर असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. मीटर १०.५ च्या आसपास अडकला असेल आणि चार्ज करूनही वर येत नसेल तर सहातला एक कप्पा मेलेला आहे, कारण १२.६ मधून २.१ गेले की उरतात ते तेवढेच.

व्होल्टेज फक्त ती किती भरली आहे ते सांगतं, किती दम आहे ते सांगत नाही. दम कळतो भाराखाली. लोड टेस्टर म्हणजे दोन जाड चिमटे, मध्ये तापणारी पट्टी आणि एक काटा. बॅटरीवर लिहिलेल्या सीसीएच्या, म्हणजे कडाक्याच्या थंडीत ती किती अँपिअरचा झटका देऊ शकते त्या आकड्याच्या, निम्मा भार पंधरा सेकंद टाकायचा. काटा ९.६ च्या खाली जाऊ नये. निरोगी बॅटरीचा काटा झटक्यात साडेदहाच्या आसपास येतो आणि तिथे जवळजवळ थांबतो. मेलेलीचा काटाही तेवढाच येतो, पण थांबत नाही. पहिल्या तीन सेकंदांत सगळं ठीक दिसतं, सातव्या-आठव्या सेकंदाला तो घसरू लागतो, आणि विक्रेता नेमका तेव्हाच चिमटे काढू पाहतो. पंधरा सेकंद पूर्ण होऊ द्या, एवढंच म्हणायचं. हल्ली ऑटो इलेक्ट्रिशियनकडे छोटे डिजिटल टेस्टर असतात, ते आतला रोध मोजून सीसीएचा अंदाज देतात. लिहिलेल्या आकड्याच्या ७० टक्क्यांच्या खाली आली तर मी ती घेणार नाही.

बॅटरीला पाणी भरायची बुचं असतील तर हायड्रोमीटरने सहाही कप्पे बघावेत. भरलेल्या कप्प्यात आम्लाची घनता १.२६ ते १.२८ असते. पाच कप्पे १.२५ आणि एक १.१९ असेल, तर तो एकच पूर्ण बॅटरीला घेऊन बुडणार. सीलबंद बॅटरीवरच्या, चार्ज दाखवणाऱ्या हिरव्या डोळ्यावर मात्र भिस्त ठेवू नये. तो एकाच कप्प्यात बसवलेला असतो आणि बाकीच्या पाचांबद्दल त्याला काही ठाऊक नसतं.

आता ‘आपल्या गाडीला लागेल का’ हा प्रश्न. पैसे इथेच जास्त वाया जातात, कारण भंगारात पाहिजे ती मिळत नाही, असेल ती मिळते, आणि ‘बसवून देतो’ असं म्हणणारा माणूस खरोखर बसवून देतो.

डब्यावरचा आकडा वाचता आला की निम्मं काम झालं. ३८ बी २० एल हा जपानी पद्धतीचा आकडा घ्या. ३८ हा ताकदीचा दर्जा, बी हा रुंदी-उंचीचा गट, २० म्हणजे लांबी सेंटिमीटरमध्ये आणि एल ही टर्मिनलची बाजू. टर्मिनल आपल्याकडे येतील अशी बॅटरी धरली आणि मायनस डाव्या हाताला आला तर ती एल, उजव्या हाताला आला तर आर. आपल्या दुकानांत यालाच ३५ एल, ३५ आर असं सुटसुटीत म्हणतात. एलच्या जागी आर आणली तर वायरी पोहोचत नाहीत. मग कोणीतरी बॅटरी उलटी फिरवून बसवतो, प्लसची वायर ताणून टर्मिनलपर्यंत आणतो आणि ती बॉडीच्या पत्र्यावर घासत राहते. इन्शुलेशन फाटायला एक पावसाळा पुरतो. आणि घाईत वायरी उलट्या लागल्या तर अल्टरनेटरचे डायोड आणि ईसीयू यांचा खर्च नव्या बॅटरीच्या कितीतरी पट होतो.

टर्मिनलची जाडी हा आणखी एक सापळा. जपानी वळणाच्या जुन्या लहान गाड्यांत पातळ टर्मिनल असतात, प्लसचा व्यास साधारण १४.७ मिलिमीटर. जाड प्रकारात तोच १९.५ असतो. आकड्याच्या शेवटी एस असेल, जसं ५५ बी २४ एलएस, तर टर्मिनल जाड. पातळ टर्मिनलवर वायरीची जाड लग बसवायची झाली की पत्र्याची पट्टी गुंडाळली जाते, आणि जाड टर्मिनलवर पातळ लग बसवायची तर कानशीने शिसं घासलं जातं. दोन्हीत सांधा ढिला राहतो, सेल्फच्या वेळी शेकडो अँपिअर त्यातून जातात आणि तो तापतो. त्यातून उडणाऱ्या ठिणगीजवळ चार्जिंगच्या वेळी सुटलेला हायड्रोजन असेल, तर डबा फुटून आम्ल तोंडावर येतं. असे जखमी झालेले मिस्त्री जवळपास प्रत्येक शहरात भेटतात.

युरोपीय पद्धतीच्या, दुकानात ‘डिन’ म्हणतात त्या बॅटऱ्यांचे टर्मिनल झाकणाच्या खोबणीत असतात आणि त्या तळाच्या कडेला पट्टी लावून आवळल्या जातात. जपानी पद्धतीत टर्मिनल वर उभे असतात आणि आवळणारी पट्टी माथ्यावरून जाते. ‘डिन ४४’च्या जागी उंच टर्मिनलची बॅटरी ठेवली तर ती आवळता येत नाही आणि बॉनेट पत्र्याचं असेल तर प्लसला टेकू शकतं. न आवळलेली बॅटरी आपल्या रस्त्यांवर प्लेटी झडून लवकर मरते, हे वेगळंच.

अँपिअर-तासांच्या बाबतीत एक गैरसमज घट्ट रुजलाय, की मोठी बॅटरी लावली की डायनॅमो जळतो. अल्टरनेटर ठराविक व्होल्टेज देतो, साधारण १३.८ ते १४.४, आणि बॅटरी हवी तेवढी वीज ओढते. ३५ च्या जागी ४० ची मापात बसत असेल तर बिनधास्त लावावी. उलट डिझेल गाडीला लहान बॅटरी लावणं चूक आहे, कारण डिझेल इंजिनचं कॉम्प्रेशन जास्त आणि सेल्फवर जोर जास्त.

सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांची गोष्ट मात्र वेगळी. डॅशबोर्डवर ए अक्षराभोवती गोल बाण असलेलं बटण असेल तर त्या गाडीला ईएफबी किंवा एजीएम प्रकारची बॅटरी लागते. दिवसातून पन्नास वेळा इंजिन उठवायचं काम साध्या बॅटरीच्या आवाक्यातलं नाही, ती काही महिन्यांत थकते. अशा गाडीच्या मालकाने भंगाराकडे फिरकूच नये. त्यातल्या काही गाड्यांत नवी बॅटरी बसवल्याचं संगणकालाही कळवावं लागतं. हायब्रीड किंवा इलेक्ट्रिक गाडीच्या नारिंगी वायरींच्या मोठ्या पॅकला हात लावण्याचा तर विषयच नको, तिथे व्होल्टेज जिवावर बेतण्याइतकं असतं.

पैशाचा हिशेब मला महत्त्वाचा वाटतो, कारण ‘निम्म्या किमतीत मिळाली’ या समाधानात फसगत आहे. प्रत्येक बॅटरीला तळाची एक किंमत असते, ती म्हणजे मेल्यावर वजनावर मिळणारे पैसे. बॅटरीच्या वजनातला साठ टक्क्यांच्या आसपासचा भाग शिसं असतो आणि शिशाला नेहमी गिऱ्हाईक असतं. समजा, नवी ४,५०० रुपयांना आहे आणि मेल्यावर ९०० मिळणार आहेत. म्हणजे खरा खर्च ३,६००. चार वर्षं चालली तर महिन्याला ७५ रुपये. कटिंगवाल्याची १,८०० ला घेतली, तिलाही शेवटी ९०० येणार, खरा खर्च ९००. वर्षभर चालली तर महिन्याला पुन्हा ७५ रुपयेच! सहा महिन्यांत मेली तर १५०, म्हणजे नव्याच्या दुप्पट महाग. पण तीच १,२०० ला मिळाली तर चार महिन्यांत वसूल. म्हणून घासाघीस नव्याच्या किमतीवरून करायचीच नाही. बॅटरी काट्यावर ठेवायला सांगायची, त्या दिवसाचा भंगाराचा भाव विचारायचा आणि वर दोन-तीनशे द्यायचे. कटिंगवाल्याला ती शिशाच्या भावाला विकायचीच असते, त्यामुळे हा व्यवहार त्यालाही परवडतो. शिवाय सप्टेंबर २०२५ मध्ये शिशाच्या बॅटरीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, म्हणजे जुन्याची बाजू आणखी लंगडी झाली.

या हिशेबात वॉरंटी धरलेली नाही. नव्याला सुरुवातीचे महिने फुकट बदलून मिळते आणि पुढे प्रमाणात सूट मिळते. ही हमी पहिल्या मालकापुरती आणि नोंदलेल्या गाडीपुरती असते. कापलेल्या गाडीच्या बॅटरीसोबत कोणी वॉरंटी कार्ड देऊ लागला तर त्याला किंमत शून्य धरावी. रात्री ताम्हिणी घाटात गाडी बंद पडण्याची किंमत ज्याची त्याने लावावी. लहान मुलं किंवा आजारी माणसं घेऊन प्रवास करणाऱ्या घराने दोन हजार वाचवू नयेत, असं मला मनापासून वाटतं.

मग ही बॅटरी घ्यावी कोणी? दोन-तीन महिन्यांत गाडी विकणाऱ्याने किंवा मोडीत काढणाऱ्याने. जुन्या गाडीवर काम करणाऱ्या मिस्त्रीने. आणि माझ्या मते सगळ्यात योग्य गिऱ्हाईक म्हणजे शेतकरी, ज्याला रानडुकरांपासून पीक राखायला कुंपणाचं झटका मशीन चालवायचं आहे. त्याला सेल्फचा झटका नको, थोडीशी वीज रात्रभर हवी, आणि दिवसा सोलर पॅनेल ती भरून काढतं. घरच्या इन्व्हर्टरला मात्र गाडीची बॅटरी लावू नये. तिच्या प्लेटी पातळ असतात, खोलवर रिकामी झाली की त्या झडतात.

शिशाचा भाव आला की शिशाचं विषही आलं. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थेने २०२० मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या, म्हणजे सुमारे ८० कोटी मुलांच्या, रक्तात शिशाचं प्रमाण काळजी करावी इतकं आहे, आणि त्यात भारतातली मुलं सर्वाधिक आहेत. उघड्यावर बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणं हे त्याचं एक मोठं कारण. सेनेगलमध्ये डकारजवळच्या थियारॉय-सुर-मेर वस्तीत २००७-०८ मध्ये याच धंद्यापायी अठरा मुलं दगावली. कुऱ्हाडीने डबा फोडायचा, आम्ल गटारात ओतायचं, प्लेटी भट्टीत टाकायच्या. धूळ कपड्यांवरून घरी जाते आणि रांगतं मूल ती जमिनीवरून तोंडात घालतं. मुलांच्या मेंदूवर होणारा तो परिणाम पुढे भरून निघत नाही.

आपल्याकडे यावर नियम आहेत. २००१ च्या नियमांनी विक्रेत्याला नव्याच्या बदल्यात जुनी परत घ्यायला लावलं. ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकावर जबाबदारी टाकली आणि वापरणाऱ्यालाही सांगितलं, की निकामी बॅटरी इतर कचऱ्यात मिसळू नका, ती गोळा करणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या किंवा पुनर्वापराचं काम करणाऱ्या संस्थेकडेच द्या. गाड्या कापण्यासाठी २०२१ पासून नोंदणीकृत केंद्रांची व्यवस्था झाली. तिथे गाडी कापण्याआधी बॅटरी, तेल आणि एसीचा गॅस वेगळा काढावा लागतो, आणि मालकाला ठेव प्रमाणपत्र मिळतं. बाजारातल्या टपरीवर यातलं काही होत नाही, पण म्हणून प्रत्येक कटिंगवाला गुन्हेगार ठरत नाही. नोंदणीकृत केंद्रं अजून अपुरी आहेत, आणि तोपर्यंत गाड्या याच माणसांच्या हातून जाणार.

या बाजारातून बॅटरी घेतलीच, तर साध्या कागदावर का होईना, सिरीयल नंबर, तारीख आणि ‘पंधरा दिवसांत सेल्फ न उचलल्यास परत’ एवढं लिहून घ्यावं. चांगला विक्रेता लिहून देतो. बसवताना आधी प्लस, मग मायनस, आणि काढताना उलट. आपली मेलेली बॅटरी मात्र तिथे सोडून येऊ नये, ती पुढे कोणत्या भट्टीत जाईल हे आपल्याला कळत नाही. बॅटरीच्या अधिकृत विक्रेत्याकडे ती द्यावी आणि पावती घ्यावी, भंगारवाल्यापेक्षा शंभर-दीडशे रुपये कमी मिळाले तरी.